क्रमांक ८८२३ पासून पुढे

पॅरिसच्या राजग्रंथालयातल्या लॅटिन हस्तलिखितांची छापील यादी १७४४ मध्ये पूर्ण झाली आणि ती क्रमांक ८८२२ वर थांबली. पुढे राज्यक्रांती झाली. चर्चची आणि मठांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि साँ-जेर्मां-दे-प्रे, साँ-व्हिक्तोर, सोर्बोन इथे शतकानुशतके जमलेले ग्रंथसंग्रह त्या ग्रंथालयात येऊन पडले. हस्तलिखिते फळ्यांवर होती, पण छापील यादीत नव्हती. एखादा ग्रंथ तिथे आहे की नाही हे तिथल्या जुन्याजाणत्या कर्मचाऱ्याला विचारावे लागे, आणि तो गेला की त्याच्याबरोबर ती माहितीही जाई. छापील यादी शंभरावर वर्षे पुढे सरकलीच नाही. मग १८६३ ते १८७१ या काळात लेओपोल दलिल या मध्ययुगाच्या अभ्यासकाने ८८२३ ते १८६१३ या क्रमांकांची यादी भागाभागाने छापून काढली. एकूण ९,७९१ क्रमांक.

जनतेच्या पैशाने सांभाळलेल्या जुन्या कागदांवर पहिला खर्च कशासाठी करायचा, हा प्रश्न प्रत्येक सरकारपुढे आजही आहे. स्कॅनिंगसाठी, निवडक कागदांच्या देखण्या खंडांसाठी, संग्रहालयातल्या काचेच्या पेट्यांसाठी पैसा निघतो. माझे म्हणणे असे आहे की पहिला पैसा आणि पहिली माणसे यादीला मिळाली पाहिजेत. ती यादी आखूड असली तरी चालेल, पण सगळ्या संग्रहाची हवी, आणि छापून चारचौघांच्या हाती गेलेली हवी. ती करणारा माणूस त्या काळाचा इतिहास जाणणारा आणि ती लिपी सहज वाचणारा असला पाहिजे, आणि त्याच्या कामाला संशोधनाचा दर्जा मिळाला पाहिजे. दलिल यांचे आयुष्य मी या म्हणण्याचा पुरावा म्हणून मांडतो. त्यात या मताला अडचणीत आणणाऱ्या गोष्टीही आहेत; त्याही सांगतो.

दलिल यांची यादी दिसायला अगदी साधी आहे. क्रमांक, आत काय आहे ते एकदोन ओळींत, अक्षराच्या वळणावरून ठरवलेले शतक, आणि ग्रंथ आधी कुणाकडे होता त्याची खूण. एवढेच. पण ‘बारावे शतक’ हे दोन शब्द लिहायला किती विद्या लागते ते पाहा. अक्षराचे वळण, शब्दांची संक्षिप्त रूपे, चर्मपत्रावरच्या ओळी शिशाने आखल्या आहेत की नुसत्या टोकदार सळईने, रंगीत अक्षरांची धाटणी, हे सगळे एका नजरेत जोखता आले पाहिजे. छपाईचाच काळ धरला तरी वर्षाला हजाराच्या वर क्रमांक होतात. तयारी अर्थातच त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होती. प्रत्येक हस्तलिखिताचे सविस्तर, निर्दोष वर्णन करायचे ठरवले असते तर हे काम एका माणसाच्या हयातीत झालेच नसते.

हा नुसता अंदाज नाही. याच ग्रंथालयाने लॅटिन हस्तलिखितांची सविस्तर वर्णनात्मक सूची पुढे हाती घेतली. तिचा पहिला खंड १९३९ मध्ये निघाला. ती सूची फार उत्तम आहे, एकेका ग्रंथाला पानेच्या पाने दिली आहेत, आणि ती अजून पुरी झालेली नाही. त्यामुळे पुढच्या क्रमांकांतले हजारो ग्रंथ शोधताना अभ्यासक आजही दीडशे वर्षांपूर्वीच्या दलिल यांच्या ओळींचाच आधार घेतात. त्या ओळींत उणिवा आहेत. एकाच बांधणीत सातआठ वेगवेगळे ग्रंथ असले की ओळीत मुख्य तेवढेच येतात, बाकीचे आत दडून राहतात. पण दडलेला ग्रंथ शोधायला पुढचा अभ्यासक निदान योग्य क्रमांकापर्यंत पोचतो. यादीच नसेल तर तो दारातच अडतो.

दलिल यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८२६ चा, नॉर्मंडीतल्या व्हालोन्य या गावचा. गावात शार्ल द गेर्विल नावाचे वृद्ध जाणकार होते. त्यांच्याकडे आसपासच्या मठांच्या सनदा आणि त्यांच्या नकला होत्या. शाळकरी लेओपोल जुनी अक्षरे वाचायला शिकला तो त्यांच्याकडे. पुढे पॅरिसला ‘एकोल दे शार्त’ मध्ये, म्हणजे सनदांच्या विद्यालयात, त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. हे विद्यालय १८२१ मध्ये अठराव्या लुईच्या हुकमाने निघाले होते. क्रांतीनंतर सरकारकडे जुन्या कागदांचे डोंगर जमले होते, आणि ते वाचणारे साधू विखुरले होते. वाचणारी माणसे नव्याने घडवणे भागच होते. पुरालिपी, सनदांची चिकित्सा, जुनी फ्रेंच आणि लॅटिन, कायद्याचा इतिहास, दफ्तराची मांडणी हे विषय शिकवायचे, शेवटी प्रबंध लिहून घ्यायचा आणि ‘अभिलेखपाल-पुरालिपिज्ञ’ ही पदवी द्यायची, अशी तिथली रीत. १८५० च्या हुकमाने जिल्ह्याजिल्ह्यांच्या अभिलेखागारांतल्या जागा या विद्यालयाच्या पदवीधरांसाठी राखल्या गेल्या. माझ्या मते फ्रान्सने या क्षेत्रात घेतलेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. पद आधी निर्माण करून मग मिळेल तो माणूस त्यावर बसवण्याचा मार्ग त्यांनी टाळला.

दलिल यांनी १८४९ मध्ये बाराव्या शतकातल्या नॉर्मंडीच्या सरकारी उत्पन्नावर प्रबंध दिला. दोन वर्षांनी मध्ययुगातल्या नॉर्मंडीचे शेतकरी आणि शेती यांच्यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. तेव्हा ते पंचविशीतही पोचले नव्हते म्हटले तरी चालेल. राजांच्या बखरी बाजूला ठेवून त्यांनी मठांच्या जमिनीच्या नोंदवह्या, खंडाच्या पावत्या, भाडेपट्टे वाचले. कोणत्या शेतात काय पेरत, सारा कसा देत, बैल की घोडे, शेणखत आणि चिकणखत कसे घालत, वेठ कुठे उरली होती आणि कुठे संपली होती, हे सारे त्यात आहे. तेराव्या शतकातला शेतकरी आजच्या एखाद्या लहान वाडीवर आला तर त्याला फारसे नवल वाटणार नाही, असे त्यांनी त्यात म्हटले आहे. १९०५ मध्ये हा ग्रंथ जसाच्या तसा पुन्हा छापला गेला. अभिलेखपाल इतिहासकार असला तर काय होते, याचे हे एक उत्तर. सामान्य माणसांचा इतिहास दफ्तराच्या तळाशी असतो, आणि तळापर्यंत हात दफ्तर लावणाऱ्याचाच पोचतो.

१८५२ च्या नोव्हेंबरात ते पॅरिसच्या त्याच जुन्या राजग्रंथालयाच्या हस्तलिखित विभागात रुजू झाले, १८७४ मध्ये या संपूर्ण, आता राष्ट्रीय म्हणवल्या जाणाऱ्या, ग्रंथालयाचे मुख्य प्रशासक झाले आणि फेब्रुवारी १९०५ पर्यंत त्या पदावर होते. पदांची ही यादी इथेच सोडतो, कारण महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. यादी करता करता त्यांना जे दिसले, ते यादी न करणाऱ्याला कधीच दिसले नसते.

एक उदाहरण अगदी जवळून पाहू. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री हा ११५४ ते ११८९ राज्यावर होता आणि नॉर्मंडीही त्याच्याच ताब्यात होती. त्याच्या सनदांवर सनद कुठे दिली ते ठिकाण असते, साक्षीदार असतात, पण तारीख नसते. आपल्याकडच्या मराठी पत्रांची अडचण ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच उमगेल. ‘छ १०’, म्हणजे दहावी तारीख, आणि महिना दिलेला, पण साल गायब, आणि मग मजकुरातल्या माणसांवरून साल ठरवण्यासाठी अभ्यासकांची झटापट. हेन्रीच्या तर शेकडो सनदा अशा होत्या. दलिल यांच्यासमोर फ्रान्सभरातल्या अस्सल सनदा आणि नकला एका रांगेत आल्या तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. काही सनदांत राजाची पदवी नुसती ‘इंग्रजांचा राजा’ अशी सुरू होते, तर काहींत त्याआधी ‘देई ग्रातिया’, म्हणजे ‘देवाच्या कृपेने’, हे दोन शब्द आहेत. साक्षीदारांची नावे ताडून पाहिली. टॉमस बेकेट ११६२ पर्यंतच चॅन्सलर, म्हणजे राजाच्या कचेरीचा प्रमुख, होता. तो चॅन्सलर म्हणून साक्षीला आहे अशा अस्सल सनदांत हे दोन शब्द नाहीत. असे एकेक नाव घेत निष्कर्ष निघाला की ११७२-७३ च्या सुमारास राजाच्या कचेरीने मायना बदलला. शब्द नसतील तर सनद त्याआधीची, असतील तर नंतरची.

कसोटी दोन शब्दांची आहे, पण वापरताना चुकायला भरपूर जागा आहे. ती अस्सल सनदेलाच लावायची. मठाच्या वहीत दोनशे वर्षांनी नकल करणारा साधू हाताच्या सवयीने ‘देवाच्या कृपेने’ घालून मोकळा होतो, किंवा घाईत गाळतो. बनावट सनद करणारा आपल्या काळचा मायना वापरतो. म्हणून आधी चर्मपत्र, अक्षर आणि शिक्का पाहून सनद अस्सल आहे का ते ठरवायचे, मग मायना पाहायचा, मग साक्षीदार ताडायचे. इंग्लंडमधले इतिहासकार जे. एच. राउंड यांनी सुरुवातीला शंका घेतली, पण कसोटी टिकली. हा शोध मांडला तेव्हा दलिल यांचे वय ऐंशीच्या आसपास होते. यासाठी विलक्षण बुद्धी हवी होती असे कुणी म्हणेल. मी म्हणेन, एका राजाच्या सगळ्या सनदा एका यादीत येणे जास्त गरजेचे होते. पाच सनदा हाताळणाऱ्या माणसाला तो मायन्यातला फरक लेखनिकाची लहर वाटला असता.

आता चोरीची गोष्ट. या विषयावर जरा थांबायला हवे, कारण यादीची किंमत तिथे सर्वांत स्वच्छ दिसते.

गुल्येल्मो लिब्री हा फ्लॉरेन्सचा गणिती फ्रान्समध्ये येऊन मानमरातबाला चढला. फ्रान्सच्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतल्या हस्तलिखितांची सूची करण्यासाठी १८४१ मध्ये सरकारी समिती नेमली गेली आणि तिचे सचिवपद लिब्रीकडे आले. तो तूर, ल्यों, ऑर्लेआँ अशा ठिकाणी सरकारी शिफारशीने जाई. ग्रंथपाल त्याला कपाटे उघडून देत, आणि तो ग्रंथ उचली. कधी पूर्ण ग्रंथ, कधी मधल्याच पानांच्या जुड्या सोडवून. मग नवी बांधणी, जुने शिक्के खरवडणे, मालकीच्या नोंदी पुसणे, त्या जागी इटलीतल्या मठांची नावे जुन्या वळणाने लिहिणे. १८४७ मध्ये त्याने सुमारे १,९०० हस्तलिखिते इंग्लंडच्या लॉर्ड ॲशबर्नहॅमना ८,००० पौंडांना विकली. १८४८ च्या क्रांतीत बोभाटा होताच तो लंडनला पळाला. १८५० मध्ये त्याच्या गैरहजेरीत त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली.

पण शिक्षा झाली म्हणून गुन्हा सगळ्यांना पटला असे झाले नाही. प्रॉस्पेर मेरिमे यांच्यासारख्या नामवंत लेखकाने लिब्रीची बाजू घेतली आणि न्यायालयावर टीका केल्याबद्दल १८५२ मध्ये पंधरा दिवस तुरुंग भोगला. मेरिमे काही चोराचे भागीदार नव्हते. त्यांना मनापासून वाटत होते की एका विद्वानावर अन्याय होतो आहे. आणि सरकारी पक्षाकडे ठाम उत्तर नव्हते, कारण अमुक ग्रंथ अमुक वर्षी अमुक ग्रंथालयात होता हे दाखवणारी छापील, तपशीलवार यादी बहुतेक गावांत नव्हतीच. यादी नसली की चोरीचा खटला माणसांच्या प्रतिष्ठेवर लढला जातो. मला हे या प्रकरणातले सर्वांत मोठे नुकसान वाटते. ग्रंथ परत येऊ शकतात, पण तीसपस्तीस वर्षे सत्य काय हे ठरत नाही तेव्हा सार्वजनिक संस्थांवरचा विश्वास झिजत राहतो.

दलिल यांनी हे कसे सोडवले? ल्योंच्या ग्रंथालयात बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांचे एक फार प्राचीन लॅटिन हस्तलिखित होते आणि त्यातला मोठा भाग नाहीसा होता. लॉर्ड ॲशबर्नहॅम यांनी १८६८ मध्ये आपल्या संग्रहातली ‘लेवीय’ आणि ‘गणना’ ही दोन पुस्तके मोठ्या अभिमानाने छापली होती. १८७८ मध्ये दलिल यांनी दाखवून दिले की ही पाने ल्योंच्या हस्तलिखिताचीच आहेत. मजकूर जिथे तुटतो तिथेच तो पुढे जुळतो, आणि अक्षरही तेच. नव्या लॉर्डनी ती पाने १८८० मध्ये ल्योंला परत केली. मग दलिल बाकीच्या संग्रहाकडे वळले. क्रांतीपूर्वी विद्वान साधूंनी केलेल्या ग्रंथालयांच्या जुन्या याद्या काढल्या. त्यांतल्या ग्रंथाचे नाव, आकार, आरंभीचे शब्द एका बाजूला आणि ॲशबर्नहॅम संग्रहाच्या सूचीतले वर्णन दुसऱ्या बाजूला ठेवले. खरवडलेल्या जागी उरलेली अक्षरे वाचली. १८८३ मध्ये त्यांनी हे पुरावे जाहीर मांडले. लिब्रीचा मृत्यू १८६९ मध्येच झाला होता, पण वाद तिथे संपला. खोटी इटालियन नोंद घालता येते. शंभर वर्षांपूर्वी छापून शंभर ठिकाणी गेलेल्या यादीत मात्र कुणाला खाडाखोड करता येत नाही.

आणि म्हणूनच मी ‘छापलेली’ या शब्दावर अडून बसतो. लिब्री स्वतःच सूची-समितीचा सचिव होता. यादी एकाच माणसाच्या हाती, एकाच प्रतीत, त्याच्याच टेबलाच्या खणात असेल तर ती संग्रहाचे रक्षण करण्याऐवजी काय उचलायचे याचा नकाशा बनते. यादी बाहेर आली पाहिजे. चोराला खरी भीती तिचीच असते. कागद कुठे आहेत हे सांगितले तर चोऱ्या वाढतील, असे म्हणून याद्या दडवणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावे.

चोरीचा माल परत मिळवायला किंमत मोजावी लागली. १८८८ मध्ये स्ट्रासबुर्गचे पुस्तकविक्रेते कार्ल ट्रूबनर यांच्या मध्यस्थीने १६६ हस्तलिखिते पॅरिसला आली. बदल्यात फ्रान्सने १,५०,००० फ्रँक दिले आणि १६५७ पासून पॅरिसमध्ये असलेला मानेसे काव्यसंग्रह दिला. ४२६ चर्मपत्री पाने, १४० मध्ययुगीन जर्मन कवी आणि १३७ पूर्ण पानाची रंगीत चित्रे असलेला हा ग्रंथ आज हायडेलबर्गला आहे. देखणेपणाच्या हिशेबाने फ्रान्स तोट्यात गेले असे म्हणता येईल. मला हा सौदा योग्य वाटतो. मानेसे पॅरिसमध्ये एकटा पाहुणा होता, आणि जर्मन भाषेच्या अभ्यासकांना त्याची गरज जास्त होती. परत आलेले ग्रंथ मात्र तुटलेल्या संचांचे भाग होते. एका मठाचे अर्धे वाचन इथे आणि अर्धे परदेशी, अशा अवस्थेत त्या मठाचा इतिहास लिहिताच येत नाही. संग्रहाची किंमत त्याच्या सलगतेत असते, हे अभिलेखपालाला कळते. लिलावात बोली लावणाऱ्याला कळेलच असे नाही.

सलगतेचा हा नियम फ्रान्सने महाग धडा घेऊन शिकला होता. क्रांतीनंतरच्या पहिल्या पिढीने राष्ट्रीय अभिलेखागारात वेगवेगळ्या दफ्तरांतून ‘ऐतिहासिक महत्त्वाचे’ कागद उचलून त्यांचा वेगळा वर्ग केला. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की कागद कोणत्या कचेरीत, कोणत्या कामासाठी, कशाच्या मागेपुढे होता, ही साक्ष कायमची पुसली गेली. २४ एप्रिल १८४१ च्या परिपत्रकाने जिल्हा अभिलेखागारांना सांगितले की ज्या कचेरीचे, मठाचे किंवा घराण्याचे कागद त्यांचे एकत्र राहू द्या, विषयवारी लावण्याच्या भरात फोडू नका. यामागे नातालिस द व्हायी हे विद्वान होते. आज जगभर दफ्तर लावणारे हाच नियम पाळतात.

याद्या म्हणजे रुक्ष काम असे वाटत असेल त्यांच्यासाठी एक ओळ सांगतो. बेरीचा ड्यूक जाँ १४१६ मध्ये वारला तेव्हा त्याच्या चीजवस्तूंची मोजदाद झाली. त्यात एका कारकुनाने नोंद केली: एका पेटीत अतिशय मौल्यवान प्रार्थनापुस्तकाच्या काही जुड्या, पॉल आणि त्याचे भाऊ करीत होते ते, फार सुंदर चित्रांनी सजवलेले, किंमत ५०० लिव्हर (तेव्हाचे फ्रेंच चलन). साडेचारशे वर्षांनी दुक द’ओमाल या फ्रेंच राजपुत्राने १८५६ मध्ये एक अपूर्ण राहिलेले चित्रमय प्रार्थनापुस्तक विकत घेतले होते. १८८० च्या दशकात दलिल यांनी ते पुस्तक आणि ही नोंद एकमेकांशेजारी ठेवली. बारा महिन्यांच्या चित्रांसाठी जगभर ओळखले जाणारे ते पुस्तक लिंबुर्ग बंधूंचे, म्हणजे त्या पॉलचे आणि त्याच्या भावांचे, हे त्यातून ठरले. त्याला आज जे फ्रेंच नाव आहे, ते ‘अतिशय मौल्यवान प्रार्थनापुस्तक’, हे त्या कारकुनाच्याच नोंदीतून आले. त्या माणसाने ‘पुस्तकाची पाने, नग काही’ एवढेच लिहिले असते, तर चित्रकारांना नाव मिळाले नसते.

आता या मताविरुद्ध जाणारी बाजू. छापील पुस्तकांची सर्वसाधारण सूची दलिल यांच्याच काळात सुरू झाली. पहिला खंड १८९७ मध्ये निघाला, प्रस्तावना त्यांची. लेखकांच्या आडनावांच्या वर्णानुक्रमाने एकेक खंड काढायचा अशी योजना होती. शेवटचा, २३१ वा खंड १९८१ मध्ये आला. चौऱ्याऐंशी वर्षे! ‘ए’ अक्षराच्या खंडात १८९७ पर्यंतचीच पुस्तके, आणि शेवटच्या अक्षरांच्या खंडांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची, असा विचित्र प्रकार झाला. ज्या माणसाने हस्तलिखितांत ‘आखूड पण पूर्ण’ हा मार्ग दाखवला, त्याच्याच संस्थेत छापील पुस्तकांबाबत तो मार्ग निभावला गेला नाही. कारण उघड आहे. हस्तलिखितांचा साठा जवळजवळ स्थिर असतो, छापील पुस्तके रोज गाडीभर येतात. वाढत्या साठ्याला खंडांची सूची पुरत नाही. तिथे चिठ्ठ्यांची पेटी आणि आता संगणक हेच साधन. म्हणून माझे म्हणणे थांबलेल्या दफ्तरांपुरते घ्यावे: ज्या कचेऱ्या बंद झाल्या, जी राज्ये संपली, त्यांचे कागद.

दुसरा आक्षेप आजचा आहे. कॅमेरा स्वस्त झाला, सगळे कागद स्कॅन करून टाका, पुढे यंत्र वाचेल. स्कॅनिंग हवेच. पण यादीच्या आधी स्कॅनिंग केले की काय बिघडते ते प्रत्यक्ष काम करणारे सांगतील. पानांना क्रमांक नसताना फोटो काढले तर दोन पाने चिकटून एक सुटले हे कुणालाच कळत नाही. कोरी म्हणून मागची बाजू वगळली की त्यावरचा पत्ता किंवा आवक-नोंद जाते. दुमडलेल्या कडेखाली ओळीचे शेवटचे शब्द राहतात. गठ्ठा सोडला आणि सपाट करून पुन्हा बांधला की मूळ क्रम मोडतो. आणि शेवटी लाखभर प्रतिमा तयार होतात, त्यांची नावे ०००१ पासून पुढे, आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे १७४४ नंतरच्या पॅरिसचीच स्थिती, फळीऐवजी हार्ड डिस्कवर.

यंत्र वाचते हेही खरे. फ्रान्सच्या राजांच्या कचेरीतल्या चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या सुमारे दोनशे नोंदवह्या अलीकडे संगणकाने शब्दशोधासाठी खुल्या केल्या. पण त्या यंत्राला अक्षर शिकवायला आधी माणसाने वाचलेला, तपासून छापलेला मजकूर लागला, आणि तो एका जुन्या अभिलेखपालाच्या कामातून मिळाला. मागच्या शतकातल्या अक्षरशः डोळे फोडून केलेल्या वाचनावर आजचे यंत्र उभे आहे.

कागद नष्टही होतात. दलिल यांच्या जिल्ह्याचे अभिलेखागार साँ-लो इथे होते. ६ जून १९४४ च्या बॉम्बवर्षावात ते जळाले. माँ-साँ-मिशेलच्या मठाच्या सनदा, शेकडो वर्षे ज्या मठाने जपल्या त्या, एका रात्रीत गेल्या. आज नॉर्मंडीचे अभ्यासक त्यांच्याबद्दल जे काही सांगू शकतात, त्यातले बरेचसे गेर्विल, दलिल आणि त्यांच्यासारख्यांनी एकोणिसाव्या शतकात उतरवून ठेवलेल्या नकलांवरून.

अशी माणसे तयार केल्याचा उपयोग अभिलेखागाराच्या भिंतींबाहेरही होतो. फ्रेंच सैन्यातल्या कॅप्टन द्रेफ्यूस यांना ज्या चिठ्ठीवरून देशद्रोही ठरवले, तिच्या अक्षराबद्दल फेब्रुवारी १८९८ मध्ये, त्यांची बाजू घेणारे कादंबरीकार झोला यांच्यावरच्या खटल्यात सनदांच्या विद्यालयाचे संचालक पॉल मेयेर, प्राध्यापक आर्थुर जिरी आणि ऑगस्त मोलिनिए यांनी साक्ष दिली. मध्ययुगीन सनदा तपासण्याची पद्धत त्यांनी त्या चिठ्ठीला लावली आणि अक्षर एस्तेराझी या दुसऱ्याच अधिकाऱ्याचे आहे असे सांगितले. सैन्य, सरकार आणि रस्त्यावरचा जमाव विरुद्ध असताना सांगितले. कागद खरा की खोटा हे ठरवणारी माणसे समाजाला कधी लागतील ते आधी सांगता येत नाही.

दलिल यांच्या घराचा एक धागा आपल्याकडे येतो. त्यांची पत्नी लॉर ही संस्कृतचे थोर पंडित युजेन ब्युर्नुफ यांची मुलगी. भागवत पुराणाचे फ्रेंच भाषांतर करणारे आणि सुरतेहून अंकेतिल-द्युपेराँ यांनी नेलेल्या पारशी धर्मग्रंथांवर आयुष्य घालवणारे ते हेच. ते ग्रंथही दलिल सांभाळत त्याच ग्रंथालयात होते. लॉर यांनी पतीच्या कामात जन्मभर साथ दिली. १९०५ मध्ये दलिल यांना मनाविरुद्ध निवृत्त केले गेले आणि त्याच वर्षी लॉर वारल्या. दलिल शांतियीला गेले, तिथल्या कोंदे संग्रहालयाच्या ग्रंथांची सूची पुरी केली आणि दुसऱ्या हेन्रीच्या सनदांवर काम करत राहिले.

ते जुलै १९१० मध्ये गेले. त्याच महिन्याच्या ७ तारखेला पुण्यात राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून कागद गोळा केले, आणि पुढे १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. हे ऋण फिटणारे नाही. पण निवड आणि यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवडणाऱ्याला त्या वेळी लढाया आणि राजकारण महत्त्वाचे वाटले तर दुष्काळातली तगाई, कुळकर्ण्यांची भांडणे, कोष्ट्यांचे कर, बायकांच्या फिर्यादी रुमालातच, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातच, राहतात, आणि त्या तिथे आहेत हेही पुढच्या माणसाला कळत नाही.

मोडीच्या रुमालासाठी दलिल यांच्या मापाची यादी करायची तर तिला फार काही लागत नाही. रुमाल सोडण्याआधी बांधलेल्या स्थितीत एक फोटो. रुमालाचा क्रमांक आणि त्यावरची जुनी चिठ्ठी असेल तर तिची नकल. आत किती कागद, सुटे किती आणि बंद किती, हे मोजून प्रत्येकाच्या एका ठरलेल्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक. शाई नाही, शिक्का अक्षरांवर नाही. कागद कोणत्या कचेरीचे, कोणत्या परगण्याचे. सर्वांत जुनी आणि सर्वांत अलीकडची तारीख जशी लिहिली आहे तशी, आणि तिच्यापुढे इसवी सन. साल मजकुरावरून ठरवले असेल तर तसे स्पष्ट लिहून. विषय दोन ओळींत, वगळावगळ न करता. वाळवी, ओल, चिकटलेली पाने यांची नोंद. खाली वाचणाऱ्याचे नाव आणि दिनांक, आणि दुसऱ्या वाचकाची तपासणीची सही. मूळ क्रमाने पुन्हा बांधून रुमाल जागेवर. वर्ष संपले की तेवढ्या रुमालांची यादी छापायची, संकेतस्थळावर टाकायची, आणि जिल्हा ग्रंथालयांना आणि विद्यापीठांना प्रती पाठवायच्या. सगळे होईपर्यंत थांबायचे नाही. या कामावर नेमलेल्या माणसाला मोडी आली पाहिजे, अठराव्या शतकातला महसूल कळला पाहिजे, आणि त्याची जागा कायम व विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या पगाराची असली पाहिजे.